आधीचा फोटो

ग्रामपंचायतीच्या पाटीवर पांढरा रंग मारून
त्यावरच नगरपंचायत लिहिलं.
खालचा 'ग्राम' दोन पावसाळे दिसत राहिला.
पण कागदावर पिंपळझिरी शहर झालं होतं,
आणि शहर म्हटलं की पुनरुज्जीवन आलं.

इंजिनियर वैराळे साहेब माझ्या स्टुडिओत आले.
मी पासपोर्ट काढायचो, साक्षगंध काढायचो,
शहराचा फोटो कधी काढला नव्हता.
"प्रस्तावाला सहा पाहिजेत. आधीचे.
असे काढ का पाहून मंत्रालयातल्या माणसाले
वाईट वाटलं पाहिजे."

सकाळी गेलो तर चौक नेमका बरा दिसत होता.
कडुलिंबाखाली कवडसे,
इंदूबाई ढोकेच्या सुपात बोरं,
शाळेच्या पोरी सायकली धरून
शेख बुऱ्हाणच्या पंक्चरच्या टपरीपुढे उभ्या.
दोनदा लेन्स पुसली. वाईट काही येईना.

शेवटी बुऱ्हाणलाच सांगितलं.
तो हसला. टपरीमागचे जुने टायर,
फाटक्या ट्यूबा, एक गंजलेलं मडगार्ड
स्वतः ओढत आणून रस्त्यावर मांडलं,
घमेल्यातलं काळं पाणी वरून ओतलं.
"जमलं का? आनखी टाकू?
गावाचं काम व्हय, लाजू नको."
मी बटण दाबलं.

निधी केव्हा आला ते कळलं नाही,
संपवायचा मात्र एकतीस मार्चच्या आत होता.
रात्री हॅलोजन लावून पेव्हर ब्लॉक बसवले.
कडुलिंबाभोवती सिमेंटचा कट्टा असा आवळला
की झाड गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या
नवरदेवासारखं घुसमटून उभं.
लाल अक्षरं आली, इंग्रजीतून गावावर प्रेम करणारी;
त्यातला झेड पहिल्याच वादळात कलला.

'नंतर'साठी मला पुन्हा बोलावलं.
त्याच जागी उभा राहा म्हणाले, फरक कळला पाहिजे.
फरक कळत होता.
बोरांचा हंगाम सरला होता, म्हणून इंदूबाई नसेल,
असं मी तेव्हा धरून चाललो.
टपरीच्या जागी ग्रॅनाइटचा बाक.
एप्रिलच्या उन्हात त्यावर कोणी टेकू शकत नाही,
त्यामुळे फोटो स्वच्छ आला.

दिवाळीनंतर बुऱ्हाण स्टुडिओत आला.
फेरीवाल्यांच्या यादीत नाव घालायचं होतं,
बावीस वर्षं तिथं होता याचा पुरावा मागत होते.
वीजबिल नव्हतं, बल्ब समोरच्या हॉटेलातून जळायचा.
मी 'आधी'चा फोटो काढून दिला. तारीख होती त्यावर.
त्यानं टायर पाहिले, पाणी पाहिलं.
"मी कुठी हावो याच्यात?"

मला आठवलं. चित्र बिघडू नये म्हणून
तो आपणहून बाजूला झाला होता.
डाव्या कोपऱ्यात, रस्त्यावर,
घमेल्यासकट एक लांब सावली.

त्यानं तिच्यावर बोट ठेवलं.
"हे मी व्हय, असं मांगून लिहून देशीन?"

लिहून दिलं. सही केली.
स्टुडिओच्या शिक्क्याची शाई वाळली होती,
दोनदा मारावा लागला.