कापू नका

बुधवारी आम्ही येतो. बुधवारी गाड्या नसतात.
हेफिन, तेगिद, मी, आणि तेगिदचा जुना रेडिओ,
जो फक्त हवामान सांगतो, तेही उशिरा.
पाँट-अर-ऑनेनच्या शेडमध्ये डबा क्रमांक एकवीस
ताडपत्री गळ्यापर्यंत ओढून उभा असतो,
डॉक्टर आला की माणूस जास्तच आजारी होतो, तसा.

वाफेचं कौतुक सगळ्यांना.
इंजिनापुढे लोक पोरं उचलून धरतात,
कोळसा ओढणाऱ्या मुलाचे फोटो निघतात.
आमचं काम बाकाखाली.
गुडघ्याखाली पोतं, दातांत टॉर्च,
बॅटरीच्या सेलमध्ये शुद्ध पाणी, थेंब मोजून.
हायड्रोमीटर बाराशे पन्नासवर तरंगला
की हेफिन "हं" म्हणतो.
ते "हं" मिळवायला मला दोन हिवाळे लागले.

सव्वीस वर्षं मी धुलाईयंत्रांच्या कारखान्यात
एकच जोड जोडला: तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी,
दर चाळीस सेकंदांनी.
ती यंत्रं कुठल्या घरांत गेली, कुणाचे कपडे धुतले,
कधी कळलं नाही.
इथं दिवा लागला की निदान दिसतो.

इथल्या तारांना मात्र रंग उरलेले नाहीत.
हळूच वाकवली तरी रबराचा भुगा.
म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात कापडी पट्टी,
पट्टीवर निळ्या शाईत इद्वलचं अक्षर:
"छताचे दिवे, डावीकडचे."
"गार्डची घंटा. दमट हवेत आपोआप वाजते. घाबरू नये."
"हा स्क्रू माझ्या घरचा आहे."
इद्वल मार्चमध्ये गेला.
त्याचा मीटर कपाटात आहे. कुणी घेत नाही,
आणि तो दोन व्होल्ट जास्त दाखवतो
हेही कुणी बोलत नाही.

आज शौचालयामागची फळी काढली,
तर आत एक तार. पट्टीवर:
"कापू नका. ही कुठं जाते मला ठाऊक नाही."

तिघांनी आळीपाळीनं वाचलं.
इद्वलला ठाऊक नाही?
काही विचारलं की जो आधी चहा संपवायचा
आणि मग उत्तर द्यायचा, बरोबरच?

मग बाकीच्या फळ्याही निघाल्या.
तार सामानाच्या जाळीमागून गेली, खिडकीच्या चौकटीत शिरली,
एका उंदराच्या रिकाम्या घरट्यातून आरपार
(घरट्यात अर्धं तिकीट, चॉकलेटची चांदी,
कुणाच्या तरी मोज्याची लाल लोकर),
खाली उतरली, आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला
लाकडात गेली ती गेलीच.
तेगिदनं उघडं टोक मोजलं. चोवीस व्होल्ट.
म्हणजे जिवंत.
इतकी वर्षं, कशालाच न जोडलेली, जिवंत.

"धोका आहे," हेफिन म्हणाला, "काढायला हवी."
पक्कड त्याच्या हातात होती.
सकाळी पाऊस पडेल, रेडिओनं सांगितलं.
दुपारचे तीन वाजले होते.
हेफिननं पक्कड पेटीत ठेवली,
टोकाला टोपी बसवली, मध्ये फ्यूज घातला,
वहीत चार ओळी लिहिल्या. नियमाचं पोट भरलं.

शाई फिकी झाली होती. मी पेन काढलं
आणि त्याच्या अक्षरांवरून हलकेच गिरवत गेले.
त्याची ओळ शेवटी खाली घसरते,
ती तशीच घसरू दिली.
खाली बोटभर जागा होती.
"आम्हालाही नाही," असं लिहिलं.

शनिवारी डबा भरून निघाला.
बोगद्यात दिवे लागले, डावीकडचेसुद्धा.
आणि घंटा वाजली, कुणी न ओढता.
गार्डनं दचकून वर पाहिलं.
नवा आहे पोरगा.
पट्टी वाचायची राहिली असेल.