काट्याची लढत

आमच्या बेकरीतला पिठाचा काटा
शंभर किलोपर्यंत खरं बोलायचा.
त्यावर काळं पीठ, पांढरं पीठ,
आणि लढतीच्या आदल्या आठवड्यात
रोज पहाटे तीनला माझा भाऊ, गेर्नोट कुबाला,
अंगावर फक्त चड्डी, तळव्यांना पीठ.

बहात्तर किलो पाचशे.
त्याच्या वर एक पाव गेला
तरी माणूस दुसऱ्या गटातला.

वजनं मी ठेवायची. सतरा वर्षांची होते,
त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटी.
काटा थरथरायचा, तो श्वास धरायचा,
हवेचेही ग्रॅम लागतात जणू.
"किती?"
"तीनशे वर."
मग तो भट्टीसमोर रबरी कोटात
दोरीच्या उड्या मारायचा, डब्यात थुंकायचा,
आणि वडील त्याच भट्टीतून
खसखशीचे पाव काढायचे
चकार शब्द न बोलता.
उपाशी राहायचं तर बेकरीत जन्म कशाला घ्यायचा,
ही आमच्या घरातली थट्टा.
आई हसायची नाही.

पहिली लढत हेर्नेत, खाणकामगारांच्या क्लबात.
बिअरची पिंपं सरकवून केलेली जागा,
बक्षीस एक इस्त्री.
(तिने आईच्या आयुष्यभराच्या चादरी सरळ केल्या.)
मग एस्सेन, डॉर्टमुंड, कील,
एकदा तर बेल्जियमला, परतीचं भाडंही मिळालं नाही.
एक्केचाळीस लढती. एकोणतीस जिंकल्या, तीन बरोबरीत.
हरलेल्या नऊ तो बोटांवर मोजायचा,
एक बोट उरायचं,
ते मोडलेल्या नाकाला लावून म्हणायचा, हे अजून बाकी आहे.

मधलं वजन म्हणजे काय रे, मी विचारलं होतं.
"हलक्यांसारखं पळता येत नाही,
भारीवाल्यांसारखं एका ठोशात घरी जाता येत नाही.
मध्ये उभं राहावं लागतं. फार वेळ."
खरं वजन असलेली माणसं वेगळीच,
ती पहिल्या रांगेत सिगार ओढायची.
त्यांना कुणी काट्यावर चढवत नव्हतं.

हॅम्बुर्गची ती रात्र, अजिंक्यपदाची.
समोर ब्रेमेनच्या गोदीतला आल्विन टेटन्स,
डावखुरा. ठोसा लागला की सॉरी म्हणतो म्हणे.
आम्ही रेडिओ पोत्यांवर ठेवला होता.
सातव्या फेरीत भुवई फुटली.
आईने रेडिओ बंद केला.
वडिलांनी चालू केला.
मधल्या चाळीस सेकंदांत काय झालं
ते आम्हाला आजही माहीत नाही,
आणि लढत म्हणे तिथेच फिरली.
एका गुणाने.
सकाळी गिऱ्हाइकं म्हणाली, काय काट्याची लढत झाली!
मी काट्याकडे पाहिलं.
त्यावर काळ्या पिठाचं पोतं होतं, आणि एक मांजर.

शेवटच्या लढतीत तो पडला नाही.
कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता,
घंटा झाली तरी बसूनच राहिला
आणि सावकाश
बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

त्यानंतर तेवीस वर्षं पावाचे गोळे.
हात कापायला लागले, नावं सुटायला लागली,
मला आईच्या नावाने हाक मारायचा,
पण गोळा तोडला की साठ ग्रॅम.
मी चोरून तोलून बघायची. साठ.

आता वृद्धाश्रमात दर सोमवारी
नर्स येल्का त्याला खुर्चीच्या काट्यावर बसवते.
तो श्वास धरतो.
आकडा तिला दिसतो, पण तो माझ्याकडे बघतो.
"किती?"
"एकसष्ट तीनशे."
ओठ हलतात, हिशेब चालतो,
कुठल्या गटाचा, कुणाच्या समोरचा, देव जाणे.
मग खाली वाकतो, मोठ्या कष्टाने.
"थांब," म्हणतो,
"सपाता काढतो. परत बघ."