खोडण्याऐवजी

वीर्त्सूच्या धक्क्यावरची तिकीटखोली
दिवसा हेल्वेची, रात्री माझी.
आमची गाठ पडत नाही.
मधे एक चौकड्यांची वही आहे,
शेगडीजवळ ठेवलेली, नाहीतर पेन गोठतं.

पहिल्याच आठवड्यात तिनं लिहिलं:
"तेरे, एल्मार — नाही, युलो,
नऊची बोट वाऱ्यामुळे रद्द. कॉफी संपली."

तेरे म्हणजे नमस्कार.
एल्मार म्हणजे माझ्या आधीचा माणूस,
एकोणीस वर्षं इथे, याच खुर्चीत.
मेलाबिला नाही; गुडघे गेले,
म्हणून पार्नूला लेकीकडे राहायला गेला.
युलो म्हणजे मी.

तिनं एल्मारला खोडलं नव्हतं.
एक रेघ तेवढी ओढली, आडवी,
बोट आणि धक्का यांच्यामधे टाकतात ना, तशी फळी,
आणि तिच्यावरून मला आत घेतलं.
मला शाळेत शिकवलेलं: चुकलं तर पान फाड.
ही बाई चूक ठेवते, शेजारी बरोबर ठेवते,
दोघांना एकाच ओळीत
दाटीवाटीनं बसवते.

मग मी स्वल्पविरामांकडे बघत राहिलो.
नमस्कारानंतरचा:
दारावर टकटक करून थांबावं, तेवढा.
नावानंतरचा:
खुर्ची ओढून घ्यावी, तेवढा.
नाव हाकेचं असतं, वाक्याचं नसतं;
ते जरा बाजूला उभं राहतं,
टोपी हातात घेऊन.

जानेवारीत तीनदा एल्मार झालं.
फेब्रुवारीत एकदाच, तेही अर्धं:
"तेरे, एल्— युलो,"
बाहेर समुद्रावर बर्फ धरला होता,
बेटावरचे लोक मोटारीनं येत होते,
तिकिटं कोणालाच नको होती.
रिकामा वेळ. मी मुद्दाम लिहिलं:
"तेरे, हेल्गा — चुकलो, हेल्वे,"
सकाळचं उत्तर: "हेल्गा कोण?"
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

मार्च संपता संपता बर्फ फुटायला लागला.
त्या रात्री वहीत एवढंच:
"तेरे युलो कॉफी आणलीय"

एल्मार नाही, रेघ नाही.
साधा स्वल्पविरामसुद्धा नाही.
घाईत असेल.

मी पेन्सिल काढली.
दोन जागा सरळ दिसत होत्या,
कोणीही भरल्या असत्या.
बराच वेळ टोक करत बसलो,
मग टोक मोडलं,
मग पाणी उकळत ठेवलं.