निळ्या शाईची दोरी

पाकीट आलं खाली, आल्वानीच्या पोस्टात,
माझ्या नावावर. वरच्या गावाला पत्ता नाही.
पाठवणारा: मागच्या सप्टेंबरातला तो उंच माणूस,
दर वळणावर "थांबा" म्हणणारा,
ज्याच्यापायी माझे ब्रेक झिजले
आणि एका मेंढपाळाची अख्खी दुपार खोळंबली.
खिंड ओलांडताना तो सारखा पुटपुटत होता, "किती दुर्गम, किती दुर्गम."
दुर्गम म्हणजे कुठून, मी विचारणार होतो.
पण पुढे दरड होती.

पाकिटात बारा फोटो, जाड चकचकीत कागद.
सोबत चिठ्ठी: एतेरबाईंना द्यावेत.
हे चाळीस हजार लोकांनी पाहिलेत.
एतेरच्या गावात उन्हाळ्यात अकरा माणसं असतात.
कुत्री धरली तर एकोणीस.

जूनमध्ये बर्फ कापून रस्ता मोकळा झाला.
पीठ, डिझेल, गुरांचं मीठ, कुणाचं तरी शिलाई मशीन
आणि माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात बारा फोटो.

एतेरनं हात पुसले, चष्मा लावला,
एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
पहिला फोटो बुरुजाचा. "बरा आलाय,"
ती म्हणाली, भाच्याबद्दल म्हणावं तसं.
दुसरा ढगाचा. "हा तर इथंच असतो."
तिसऱ्यात ती स्वतः, चीजला मीठ चोळताना.
तो तिनं उलटा ठेवला.
पाचव्यावर थांबली.
तिचंच घर, सोनेरी गवताचा उतार,
मागे डोंगर, एकामागे एक, निळे होत गेलेले.
सुंदर होता तो फोटो, खोटं कशाला बोलू.

"दोरी कुठाय?"
"कसली दोरी?"
"त्या दिवशी मी धुणं वाळत घातलं होतं. बुरुजापासून खांबापर्यंत.
खांब तरी कुठाय?"

मी सांगितलं, हे लोक पुसतात असं काही काही,
बोटानं, फोनवरच,
ताटावरची माशी हाकलावी तसं.
"माशी," एतेर म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
"नुगझारचे चार शर्ट होते.
म्हटलं, थंडी येतेय, धुवून ठेवावेत."

ऑक्टोबरात त्याला मीच खाली नेलं होतं,
मागच्या सीटवर आडवा, घोंगडीत.
सबंध घाटात "थांबा" म्हणणारं कुणी नव्हतं.

हिशेबाच्या वहीला बांधलेलं पेन होतं, निळं.
वही सोडवेना, म्हणून तिनं फोटोच वहीपाशी नेला.
आधी खांब काढला, तो जरा कललाच.
("खराही कललेलाच आहे," ती म्हणाली.)
मग दोरी, मधे झोळ घेतलेली.
चकचकीत कागदावर शाई घसरत होती,
ती फुंकर मारी, थांबे, पुढचा शर्ट काढी.
"हा चौकटीचा.
हा लग्नाचा, आखूड झालेला.
याचं बटण तुटलंय," आणि तिथं काहीच काढलं नाही.
खाली एक कुत्रा. शेपटी कागदाबाहेर गेली.

तो फोटो चुलीवरच्या फळीवर लागला.
बुरुजाचा मला मिळाला. "गाडीत लाव,
म्हणजे लोक सारखे थांबवणार नाहीत."
बाकीचे कुठे गेले, ठाऊक नाही.
एक मात्र पुढच्या फेरीला
टेबलाच्या लंगड्या पायाखाली दिसला, चौपदरी.

मी फळीवरच्याचा फोनवर फोटो काढला होता.
कड्यावर, जिथे दोन मिनिटं रेंज येते, तिथून पाठवला.
उत्तर लगेच आलं:
छान! पण त्या निळ्या रेघा कसल्या? लहान मुलांनी काढल्यात?

मी लिहिलं, धुणं आहे.
आणखीही लिहिणार होतो,
पण मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं,
"थांबा, थांबा, इथे जरा थांबा!"
आणि मी ब्रेक दाबला.