गोलाच्या बाहेरचं कापड

आमचं आडनाव पिसे.
उदगीरच्या चौबाऱ्याजवळ आजोबांची मशीन होती,
पायडलची, चाक कुरकुरणारी.
तहसील कचेरीवरचा झेंडा फाटला
की शिपाई तिथंच यायचा.
पैसे कधी आणायचा, कधी नाही.

पिवळा तागा, मधोमध पांढरा गोल.
वरची-खालची अक्षरं कागदावर लिहून यायची,
आजोबा ती वेलबुट्टीसारखी उतरवायचे.
वाचता येत नव्हती,
पण नुक्ता इकडचा तिकडं झाला नाही कधी.

गोल म्हणजे कुलचा,
हे त्यांना हुसेनी रंगरेजानं सांगितलं.
"पहिल्या साहेबाला भूक लागली व्हती, ज्ञानोबा.
फकिरानं पिवळ्या फडक्यातून कुलचे वाढले.
सात खाल्ले. फकीर म्हणला, जा, सात पिढ्या."
आजोबांची कात्री थांबली.
"आठवा कामून नाही खाल्ला?"
"पोट भरलं असंल," हुसेनी चाचा म्हणाले,
"राजाचंबी भरतंय कधी कधी."

आता शिवणकामातलं एक सांगते.
गोल कापून घेतला की गोल जातो
आणि कापड मागं राहतं, मधे खिडकी पडलेलं.
ते ना उशीला येतं ना बंडीला.
अशी चार-पाच आजोबांच्या पेटीत साठली होती.
शिंप्याच्या हातून चिंधी सुटत नाही.

सत्तेचाळीस साल. एका रात्री
सोनटक्के मास्तर मागच्या दारानं आले,
चपला पायात नाहीत, काखेत.
"तीन रंगांचा पाहिजे. मधे चाक.
उद्या दिवेलागणीपर्यंत."
त्या झेंड्याला तेव्हा तुरुंग होता.

केशरी निघाला पळसाच्या फुलांतून,
हुसेनी चाचांनी शिमग्यात वाळवून ठेवलेल्या.
हिरवाही त्यांचाच,
उरुसाच्या चादरीसाठी घोटलेला, त्यातला पेलाभर.
कशाला, ते विचारलं नाही.
एवढंच म्हणाले,
"सावलीत वाळव रे. उन्हानं रंग मरतो."

पांढरं नवं कापड कुठून आणणार?
आजोबांनी पेटी उघडली,
खिडकीवालं एक बाहेर काढलं
आणि खिडकीत निळं चाक बसवलं.
मास्तरांनी चोवीस आरे सांगितले होते,
घाईत आजोबांचे तेवीसच झाले.
पण माप चुकलं नाही,
वीत आणि चार बोटं.
जिथून कुलचा निघून गेला होता
तिथंच चाक, टाक्याला टाका.

किल्ल्याच्या बुरुजावर अर्धा तास फडकला म्हणे.
मास्तरांना नऊ महिने.

पुढच्या सप्टेंबरात फौजा आल्या.
कचेरीवरचा पिवळा उतरवून
शिपाई आजोबांकडंच घेऊन आला,
"ह्याचं काय करू?"
चौबाऱ्यात पेढे वाटत होते.
आणि त्याच आठवड्यात
रंगरेजांच्या गल्लीत कुणीतरी कढया पालथ्या केल्या.
तीन दिवस नालीला हिरवं पाणी होतं,
मग पिवळं.
आजोबा इथं थांबायचे, सुपारी शोधायचे.
हुसेनी चाचा कुठं गेले,
हे वाक्य आमच्या घरात
पूर्ण झालेलं मी ऐकलं नाही.

मी आता खादी केंद्रात तपासणीला.
भिंग लावून ताणा मोजायचा, बाणा मोजायचा.
चाक दोन्ही अंगांनी एकावर एक यायला हवं,
केसभर सरकलं तरी झेंडा बाद.
आरे मोजते. चोवीस.
मग, कुणी बघत नसलं की,
चाकाच्या कडेवरून बोट फिरवते.
"काय शोधता, ताई?" कावेरीनं एकदा पकडलं,
"छापलेलं असतं ते. शिवण नसती त्याला."
नसती. बरोबर आहे तिचं.

सतरा तारखेला कचेरीपुढं उभी राहते.
पोरं पावसानं भिजलेल्या गणवेशात,
दोर अडकतो, सुटतो, फुलं पडतात.
वारा आला की क्षणभर
मला चाकाभोवती टाके दिसतात, ओबडधोबड,
एक आरा कमी,
आणि मी ऊन कुठवर आलंय ते बघते.