गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं

बोट रत्नागिरीच्या बंदरात,
माणसं आंबा घाट चढून साडेदहाला माझ्या ताब्यात.
एकोणीस टोप्या, एक वॉकर,
आणि बोटीवरून आलेला छापील कागद:
वारसा, वस्तुसंग्रहालयं, किनाऱ्याचं निसर्गदृश्य.
किनाऱ्याचं!
मी इलाही मुजावरकडं बघितलं, त्यानं स्टिअरिंगकडं.
"ताई, कागदावर हाय म्हंजे दावाय लागतंय."

आमच्याकडंही एक रत्नागिरी आहे, मी माइकवर म्हणाले,
वाडी रत्नागिरी. डोंगरावर.
तिथं लाटा नाहीत, गुलाल उडतो.
कुणी हसलं नाही. एसीचा आवाज मोठा होता.

नव्या राजवाड्यात त्यांनी वाघ मोजले.
एका काकांनी विचारलं, यातला शेवटचा कुठला?
चौदा वर्षं हे काम करते,
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.
मी म्हणाले, पुढं चला, पायरी आहे.

टाउन हॉलमध्ये मात्र मी हळू होते.
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला तो,
वीतभरही नाही, काशाचा,
रोमकडून आलेला समुद्राचा देव.
पंचगंगेकाठच्या मातीत
शतकानुशतकं पडून होता, खाऱ्या पाण्याशिवाय.
वर उचललेल्या हातातलं हत्यार कधीच गळून गेलंय.
हात अजून तसाच,
एसटीत दांडी धरून उभ्या माणसासारखा.

बाकीचे बाहेर तोफेकडं गेले, तिथं सावली होती.
एकजण मागं राहिला. टोपी नसलेला.
दौलू नांगनूरकर, गडहिंग्लजकडचा,
बोटीवर धुलाईत.
"पार खाली असतोय आम्ही. खिडकी न्हाई.
चार म्हैने झालं, समुद्र नुसता ऐकतोय."
मग काचेला कपाळ टेकवून, माझ्याशी नाही, त्याच्याशी:
"तू बी आतच व्हय रं?"

तीन वाजता रंकाळा. कागद पुरा करायचा होता.
हा आमचा किनारा. चौपाटीच म्हणतात बरं का,
भेळ आहे, घोडा आहे,
संध्यामठ आहे, पाण्यात पाय सोडून बसलेला.
वॉकरवाल्या आजी म्हणाल्या, पलीकडचा काठ दिसतो की हो.
दिसतो, मी म्हणाले. आम्हाला दिसलेला बरा वाटतो.

मग नंदीची गोष्ट सांगितली.
रोज गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो,
ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी.
"तांदूळ कुठला?" आजींनी विचारलं.
"बासमती असेल तर काळजी नाही.
आंबेमोहर असेल तर वेळ कमी आहे."
आता मात्र सगळी गाडी हसली.

एकोणीस साली नंदी जागचा हलला नव्हता,
पाणीच चालत आलं होतं,
शाहूपुरीत, आमच्या गल्लीत, शिलाई मशीनच्या पायट्यावर.
हे मी माइकवर सांगत नाही.

दौलू पायरीवर बसलेला, बूट शेजारी,
आत मोजे नीट घडी करून. धुलाईची सवय.
गाव इथून दीड तास. बोट साडेतीन.
इलाहीनं एकदा हॉर्न दिला, मग दिला नाही.
"ताई, एक फोटो काढता?
आई कवाधरनं म्हणत्या, समुद्र दाव.
पलीकडचा काठ येऊ देऊ नका."

मी पायरीवर बसले, मग वाकले,
मोबाइल पाण्याच्या इतका जवळ नेला
की शालिनी पॅलेस गेला, झाडं गेली, भेळेच्या गाड्या गेल्या.
उरलं नुसतं पाणी, आणि कोपऱ्यात
त्याचा एक ओला अंगठा.

वीस डोकी मोजली. भरली.
गंगावेशीच्या कोंडीत गाडी
थोडी पुढं, थोडी मागं, परत थोडी पुढं.
मागच्या सीटवर मोबाइल वाजला.
दौलूनं वाचलं, आणि मान वर न करता मला सांगितलं:
"आई इचारतीया,
एवढा गप असतोय व्हय?"