भावे प्रयोग

यॉर्कमधल्या खिळेकरांच्या खातेवहीत
हॅमन कारकुनानं लिहून ठेवलंय:
गाड्याच्या चाकांना चरबी, दोन पेनी.
दोर नवा, कारण जुना गेल्या साली तुटला
आणि देवपुत्र खांद्यावर आपटला. तीन पेनी.
पोराच्या खांद्याला लेप, अर्धी पेनी.
पांढऱ्या कातड्याचा सदरा, अंगाला घट्ट,
लांबून उघडा वाटेल असा.
बिअर, पहाटेची. बिअर, दुपारची.
बिअर, पुन्हा. (इथला आकडा खोडलाय.)

नाटक लिहिणाऱ्याला किती,
तर तसा रकानाच नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
म्हणून बहुतेक हिशोब तेवढा उरला.

जून महिना. अजून तांबडं फुटायचंय.
मिकलगेटच्या चढावर गाडे रांगेत उभे,
तारू जहाज बांधणाऱ्यांकडे,
शेवटचं जेवण भटारखान्याच्या लोकांकडे,
पाव खरे, अजून कोमट.
आणि क्रूस खिळेकरांकडे,
ज्याच्या हाताला जे काम, त्याच्या वाट्याला ते पाप.

बारा ठिकाणी थांबायचं.
म्हणजे अ‍ॅन्सेल नावाच्या उमेदवार पोरानं
एका दिवसात बारा वेळा मरायचं
आणि मधल्या वाटेत उतरून
गाड्याला खांदा द्यायचा, न दुखणारा.

त्या साली बाराव्या थांब्यावर पोचेतो
मशाली पेटवायची वेळ झाली.
थर्स्टन, दुसरा शिपाई, हातोडा उगारून थांबला.
पुढची ओळ गेली. पार गेली.
खालून कुणी खोकलं.
त्यानं वर पाहिलं, छपरांच्याही वर,
आणि म्हणाला,
"आवरा रे, उजेड चाललाय."

एकजण हसला. मग कुणीच हसलं नाही.

हिवाळ्यात थर्स्टन तापानं गेला.
हॅमन जुनी पोथी नव्या चामड्यावर उतरवत होता,
त्या जागी आला आणि बोरू थांबला.
मंडळींना विचारलं. एक म्हणाला, ही ओळ आधीपासून आहे.
एक म्हणाला, छे, बापजन्मी ऐकली नव्हती.
तिसऱ्यानं शपथेवर सांगितलं
की ती त्याच्या आजोबांची.
हॅमननं लिहून टाकली,
बाकीच्या ओळींच्याच शाईत, त्याच अक्षरात.

पुढच्या जूनमध्ये नवा दुसरा शिपाई
पहिल्याच थांब्यावर, पहाटे,
हातोडा उगारून म्हणाला, "आवरा रे, उजेड चाललाय,"
तेव्हा सूर्य समोरच्या धुराड्यामागून
नुकता वर येत होता.
लोकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.
एका बाईनं लेकराच्या डोळ्यांवर हात धरला,
ऊन लागत होतं म्हणून, की आणखी कशासाठी.

शिपायांनी त्याला ठोकले.
माझ्या भाषेत हे वाक्य फार सोयीचं आहे.
ठोकणारे चार असोत की चाळीस,
ज्याला ठोकलं तो देव असो की उमेदवार पोर,
क्रियापद मान वर करत नाही.
ना यांच्याशी जुळतं, ना त्याच्याशी,
नपुंसकलिंगी, एकवचनी, आपलं आपण उभं राहतं.
शाळेत याला भावे प्रयोग म्हणायचे.
आणि नाटक उभं राहिलं की त्यालाही
आपण प्रयोगच म्हणतो.

एम्मोटा, थर्स्टनची बायको,
दरसाल बाराव्या थांब्याशीच उभी राहायची.
अकरा ठिकाणी ती ओळ नुसती पाठ केलेली असे.
इथे येईतो खरी होई.

खातेवहीच्या त्याच पानावर, अगदी तळाशी,
घाईच्या अक्षरात एक नोंद आहे:
एम्मोटा, विधवा, बिअरसाठी, एक पेनी.
कशाबद्दल, ते लिहायचं राहिलंय.
पुढच्या वर्षीही आहे.
त्याच्या पुढच्याही.